सातांतली तिसरी

चित्रांची प्रदर्शनं बघायला जाणं हा काही माझा नेहमीचा उद्योग नाही. माझं आयुष्य गेलं कुर्ला पश्चिमेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात, सिंगल कलर डॉमिनंट मशीनच्या शेजारी उभं राहून. लग्नपत्रिका, औषधांच्या बाटल्यांची लेबलं, कॅलेंडरं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, निवडणूक आली की पत्रकं. चार रंगांचा जॉब म्हणजे तोच कागद चार वेळा मशीनमधून काढायचा. पिवळा, मग मॅजेंटा, मग सायन, शेवटी काळा (हा क्रम प्रत्येक मशीनमनचा वेगळा, त्यावरून मारामाऱ्या होतात). चौथ्या वेळी कागद केसभर सरकला की कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला दोन-दोन ओठ दिसायला लागतात आणि गिऱ्हाईक बिलातून पैसे कापतं. आमच्यात त्याला 'रजिस्टर आउट' म्हणतात. हा शब्द मी बायकोच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारला असेन.

तर असा हा माणूस गेल्या हिवाळ्यात एका रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून हार्बरने सीएसएमटीला उतरला आणि फोर्टमधल्या एका दालनात रंगीत मुद्राचित्रांचं प्रदर्शन बघायला गेला. मुद्राचित्र म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर, तांब्या-जस्ताच्या पत्र्यावर, दगडावर किंवा जाळीवर चित्र तयार करायचं आणि त्यावरून कागदावर छाप घ्यायचे. प्रदर्शन स्पर्धेचं होतं. परीक्षकांनी आलेल्या ढिगातून निवडलेली चित्रं भिंतीवर, आणि त्यातल्या काहींच्या खाली बक्षिसाची चिठ्ठी. त्या भिंतीवर आमच्या गाळ्यात छापलेलं एक चित्र होतं, म्हणून मी गेलो होतो.

चित्र अर्थातच माझं नव्हे. आमच्या मागच्या चाळीतली एक मुलगी कलाशाळेत शिकते. तिच्या कॉलेजातला प्रेस सुट्टीत बंद असतो, म्हणून मे महिन्यात एके दिवशी ती गाळ्यावर आली. "काका, तुमच्याकडे तो जुना प्रूफ प्रेस आहे ना, तो चालतो का?" खिळ्यांच्या काळातला तो लोखंडी सांगाडा. २००५ च्या २६ जुलैला मिठी आमच्या गाळ्यात छातीपर्यंत आली तेव्हा कागद, प्लेटा, फिल्म सगळं गेलं, तो तेवढा जागचा हलला नाही, कारण त्याला हलवणं चार माणसांनाही जमत नाही. गंज काढला, रुळाला तेल घातलं, आणि रविवार तिचा झाला.

तिने काढलं होतं सकाळी पाण्याच्या रांगेत लावलेली पिंपं. आमच्याकडची ती ओळखीची निळी पिंपं, पिवळे कॅन, लाल बादल्या, एक नारिंगी टब. माणूस एकही नाही. रिडक्शनचा लाकूडकोर करायचा म्हणाली. यात गंमत अशी की सगळ्या रंगांना मिळून ठोकळा एकच. आधी थोडं कोरायचं आणि सगळ्या कागदांवर पिवळा छापायचा. मग जिथे पिवळाच राहू द्यायचा आहे तेवढं लाकूड कोरून टाकायचं आणि उरलेल्यावर नारिंगी. मग आणखी कोरायचं आणि लाल. असं करत करत शेवटच्या गडद रंगापर्यंत आलं की ठोकळ्यावर चार रेघा शिल्लक राहतात, बाकी सगळा भुसा. मागे जाता येत नाही. पिवळा परत छापावासा वाटला तरी पिवळ्याचं लाकूड झाडूने कधीच गोळा झालेलं असतं. म्हणून किती प्रती काढायच्या ते पहिल्या दिवशीच ठरवावं लागतं आणि तेवढेच कागद सुरुवातीला घ्यायचे. याला 'सुसाइड प्रिंट' म्हणतात असं ती हसत म्हणाली. पिकासोने म्हातारपणी लिनोवर हा प्रकार गाजवला म्हणे. मी म्हटलं, त्याच्याकडे बिल कापणारं गिऱ्हाईक नसेल.

बारा कागद घेतले. जाड हातकागद, तिने साठवलेल्या पैशांतून आणलेला. पाच रंग.

पिवळा आणि नारिंगी मजेत झाले. लालही झाला. निळ्यापाशी अडलं. लालावर निळा टाकला की जांभळट काळपट येणार, हे मला शाईच्या डब्याचं झाकण न उघडता माहीत होतं. तिला पिंप निळं हवं होतं. मी निळ्यात पांढरी शाई घालायला सांगितली, दाबणारी, खालचं झाकणारी. एक संध्याकाळ आम्ही नुसत्या रद्दीच्या कागदांवर लाल पट्टे मारून त्यावर निळ्याची मिश्रणं लावत बसलो. शेवटी जो निळा जमला त्याच्या आतून खालचा लाल किंचित जाणवायचा. त्यामुळे पिंप दोन-चार उन्हाळे गच्चीवर काढलेलं वाटायला लागलं. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं, पण त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर तोच निळा आणायला मात्र ठरवूनच करावं लागलं. शाई वजन करून घेतली, वेलण्याच्या फेऱ्या मोजल्या.

तोवर जून उजाडला आणि पाऊस आला. कुर्ल्यात पावसाळ्यात कागद फुगतो. हातकागद तर जास्तच. मे महिन्यात कापलेला कागद जुलैत दोन्ही बाजूंनी वाढलेला असतो, आणि ठोकळा तेवढाच. दोन कागद त्यात गेले. दोन रजिस्टरमध्ये गेले, हात थरथरला म्हणा. आणि एक कागद मी घालवला. चहा प्यायला म्हणून ती बाहेर गेली होती, मी आपला शहाणपणा करून कागद लावला तो उलटा, वरची बाजू खाली. चौथा रंग चांगला दाबून मारला. पिंपं हवेत लटकली. तीस वर्षांचा अनुभव! ती काही बोलली नाही, नुसती कागदाकडे बघत राहिली. ते जास्त लागलं.

उरल्या सात. शेवटचा गडद रंग मारून झाल्यावर त्या सात प्रती दोरीवर ओळीने लावल्या आणि मी भिंग घेऊन एकेक तपासली. सातही एकसारख्या होत्या. तिने खाली पेन्सिलीने लिहिलं: १/७, २/७, असं सातपर्यंत. खालचा आकडा एकूण प्रतींचा, वरचा त्या प्रतीचा. प्रदर्शनाला ३/७ पाठवली. तीच का, तर ती सगळ्यात वर होती.

त्या प्रदर्शनात रंगीत चित्राचं पहिलं बक्षीस मिळालं होतं एका एचिंगला. खोल निळा-काळा अंधार, त्यात खिडकीसारखं काहीतरी, आणि एक लाल रेघ. खोटं कशाला बोलू, चित्र सुंदर होतं. समोर उभं राहिल्यावर गाळ्यातला पंखा बंद झाल्यावर वाटतं तसं वाटलं. सवयीने खिशातून भिंग काढलं आणि काचेला लावलं, तर दालनाचा रखवालदार धावत आला. त्याला समजावून होईपर्यंत माझं लक्ष चित्राच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे आकडा नव्हता. 'ए/पी' असं लिहिलं होतं. आर्टिस्ट्स प्रूफ. म्हणजे एकूण प्रतींच्या हिशेबाबाहेर चित्रकार स्वतःसाठी काढून ठेवतो ती प्रत. ती ठेवायची पद्धत जुनी आहे, त्यात गैर काही नाही. पण ज्याने ते केलं होतं तो पोरगा तिथेच उभा होता, मी विचारलं, बाकीच्या प्रती किती काढल्या? तो मनमोकळा होता. म्हणाला, "नाही काढल्या काका. ही एकच अशी जमली. परत तसा लाल येतच नाहीये."

माझं जे काही मत झालं ते त्या वाक्यावर झालं.

त्या पोराबद्दल माझी तक्रार नाही. त्याला बक्षीस दिलं म्हणूनही नाही. आमच्या मुलीला मिळालं नाही म्हणून मी चिडलोय असं तुम्हाला वाटेल. थोडा चिडलो होतोच, पण ते गाडीत कुर्ला येईपर्यंत ओसरलं. आणि खुद्द ती म्हणाली, "काका, ते चित्र माझ्यापेक्षा चांगलं होतं." असेल. पण प्रश्न असा की परीक्षकांनी नेमकं काय तपासलं? त्यांनी एक रंगीत कागद बघितला आणि तो चित्र म्हणून कसा आहे ते ठरवलं. मग तैलचित्रांच्या रांगेत उभं करा ना त्याला. छापचित्र म्हणून वेगळा विभाग कशाला मांडला? ते परत येतं म्हणूनच ना? परत येतं का, हेच कुणी विचारलं नाही, कारण विचारायची सोयच नाही. प्रत्येकाकडून एकच कागद मागवलेला असतो.

माझी मागणी साधी आहे. छापचित्रांच्या स्पर्धेत परीक्षकांसमोर एकाच चित्राच्या दोन प्रती यायला हव्यात. एक भिंतीवर लावायची, फ्रेममध्ये. दुसरी बिनफ्रेमची, टेबलावर, हात धुऊन उचलून बघता येईल अशी.

हे मी आमच्या नेहरूनगरच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, परीक्षक चित्र बघतात, कारखाना नाही. तुम्हाला सगळीकडे गिऱ्हाईक दिसतंय. मशीनसारखी एकसारखी प्रत काढणं ही कलाच नव्हे. मग तुमच्या लग्नपत्रिकांनाही बक्षीस द्या." पुढे म्हणाले, "आणि कृष्णा रेड्डींचं काय कराल?"

हा मात्र नेमका बाण होता. नंतर त्यांच्याच घरी मी त्या कामाबद्दल वाचलं आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. कृष्णा रेड्डी आंध्रात जन्मले, शांतिनिकेतनात शिकले आणि पॅरिसला हेटर यांच्या 'आतलिए १७' या कार्यशाळेत गेले. तिथे त्यांनी आणि मुंबईत जन्मलेल्या, जेजेत शिकलेल्या कैको मोती यांनी मिळून एक तऱ्हा पुढे आणली. पत्रा एकच, त्याच्यावर खोल-उथळ असे थर कोरलेले. शाया वेगवेगळ्या दाटपणाच्या, म्हणजे कुणात अळशीचं तेल कमी, कुणात जास्त. आधी कडक रुळाने एक शाई लावायची, ती फक्त उंचवट्यांवर बसते. मग मऊ रूळ, तो दबून खळग्यांत पोचतो. दाट शाई आणि पातळ शाई एकमेकींना झिडकारतात, मिसळत नाहीत. पत्र्यावर सगळे रंग एकदमच बसतात आणि कागद प्रेसमधून एकदाच जातो. एकदाच! चार वेळा कागद काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला हे वाचून काय वाटलं असेल विचार करा. रजिस्टर आउट होण्याचा प्रश्नच मिटला. रेड्डी २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांना १९७२ ची पद्मश्री होती. आमच्या धंद्यात कुणाला त्यांचं नाव माहीत नाही, मलाही नव्हतं.

सरांचं म्हणणं असं की या तऱ्हेत रुळाचा दाब, शाईतलं तेल, त्या दिवसाची हवा यांनी प्रत्येक प्रत थोडी वेगळी येते, आणि ती वेगळी येण्यातच मजा आहे. मग तुमच्या दोन प्रती जुळल्या नाहीत म्हणून त्यांना नापास करणार?

नाही करणार. पण सर, तो फरक मला एका कागदावरून कसा कळणार? दुसरी प्रत शेजारी ठेवली तरच दिसेल ना की हा माणूस फरकाशी खेळतोय की फरक त्याच्याशी खेळतोय. जिथे एकसारखेपणा हवा तिथे तो आहे का हे दिसायला दोन लागतात, आणि जिथे वेगळेपणा हवा तिथेही दोनच लागतात. एकात यातलं काहीच दिसत नाही. सर यावर 'हं' म्हणाले. त्यांचं 'हं' मिळणं सोपं नाही.

मग त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली, ती माझ्या बाजूची आहे हे त्यांना सांगून झाल्यावर लक्षात आलं. युगोस्लाव्हियात (आता स्लोव्हेनियात) ल्युब्लियाना नावाचं गाव आहे, तिथे १९५५ पासून छापचित्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं. १९६३ साली तिथलं सर्वांत मोठं बक्षीस मिळालं रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराच्या शिळाछापाला. छापताना दगडच फुटला होता. आमच्याकडे दगड फुटला तर घरी सुतक. या माणसाने तो फुटका दगड तसाच प्रेसवर ठेवला, चिरा जशी पडली तशी छापली, खाली दगडाच्या कपच्यांचा ढीगही चित्रात घेतला आणि नाव दिलं 'अपघात'. लोक ही गोष्ट अपघाताची म्हणून सांगतात. मला त्यात दिसलं ते वेगळंच. दगड एकदा फुटला, पण त्या फुटक्या दगडावरून पूर्ण आवृत्ती काढली! दोन तुकडे प्रेसवर प्रत्येक वेळी त्याच अंतरावर बसवायचे, चीर तेवढीच रुंद ठेवायची. ज्याने तो दगड प्रत्यक्ष छापला त्या कारागिराच्या मानेवरचा घाम मला इथे कुर्ल्यात बसून दिसला. आमच्या निळ्या पिंपाचं तेच झालं होतं, लहान प्रमाणात.

आता हा कारागीर निघालाच आहे तर त्याच्याबद्दलही बोलून घेतो. आपल्याकडे रंगीत छापचित्र घराघरात नेलं राजा रविवर्म्याने. पुण्यात चिपळूणकरांच्या चित्रशाळेने १८७८ पासून रंगीत चित्रं छापायला सुरुवात केली होतीच, पण रविवर्म्याचा प्रेस १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आता त्याची बक्षिसं बघा. १८७३ चं व्हिएन्नाचं, १८९३ चं शिकागोचं, ती सगळी तैलचित्रांना. ज्या शिळाछापांनी त्याची लक्ष्मी आणि सरस्वती प्रत्येक देवघरात नेऊन बसवली, त्यांना कोण पदक देणार? एकेका रंगाला एकेक वेगळा दगड, आणि रंग काही चार-पाचांवर भागत नसत. तैलचित्रातली साडीची जर बघून, यात पिवळा किती, गुलाबी किती, हे डोळ्याने वेगळं करून प्रत्येक दगडावर उलटं काढणारी माणसं होती. जर्मन तंत्रज्ञ होते, त्यांच्या हाताखाली आपली माणसं होती. आज आपण फोटोशॉपमध्ये एक बटण दाबतो ते काम ती माणसं तेलकट खडूच्या ठिपक्यांनी करत. त्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत. आमच्या लहानपणी गिरणीच्या तागांवर जी रंगीत तिकिटं चिकटवलेली असायची, वाघ, मोर, देव, ती छापणाऱ्यांची तर सोडाच.

पुढे १९६० साली व्हिएन्नाला चित्रकारांची एक परिषद भरली, तिने अस्सल छापचित्र कशाला म्हणावं याचे नियम केले. चित्रकाराने सही करावी, एकूण प्रती किती आणि ही कितवी ते लिहावं. नियम चांगलेच आहेत, त्यामुळेच आमची ती ३/७ लिहू शकली. त्याच वर्षी अमेरिकेत टॅमरिंड नावाची शिळाछापाची कार्यशाळा निघाली, तिथे आणखी एक पद्धत पडली. छापणाराही कागदाच्या कडेला आपला छोटा शिक्का उठवतो. शाईविना, नुसता दाबून. चित्रकाराची सही आणि छापणाऱ्याचा शिक्का एकाच कागदावर. जपानच्या जुन्या रंगीत लाकूडछापांत तर काढणारा, कोरणारा, छापणारा आणि विकणारा अशी चौघांची सरळसरळ वाटणी असे. आपल्याकडच्या बक्षिसाच्या चिठ्ठीवर मात्र एकच नाव. (मला माझा शिक्का नकोय. उलटा कागद लावणाऱ्याचा शिक्का कोण घेईल.)

दोन प्रतींच्या मागणीवर एक आक्षेप मला खरा वाटतो, तो खर्चाचा. विद्यार्थ्यांना एक फ्रेम करून पाठवताना घाम फुटतो. म्हणून तर म्हणतो, दुसरी प्रत बिनफ्रेमची, नळकांड्यात गुंडाळून चालेल. आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी पहिली निवड फोटोवरूनच होते. चित्राचा फोटो काढा, पाठवा, पसंत पडला तर मग मूळ चित्र आणा. मोबाइलच्या पडद्यावर छापचित्र कसं दिसतं? माझ्या भाच्याने त्या निळ्या पिंपांचा फोटो काढून दाखवला. पिंप छान निळं दिसत होतं. इतकं छान, की त्याच्या आतला लाल गायब. कागदावर ठोकळ्याने पडलेला दाब गायब. शाईच्या थराची जाडी, जी बोट न लावताही जाणवते, ती गायब. फ्लेक्सवाल्याने छापलेलं आणि लाकडावरून छापलेलं यांत फोटोत काही फरक राहत नाही. त्यापेक्षा पहिल्या निवडीला बिनफ्रेमचा खरा कागदच मागवा. टपालखर्च होईल, पण फ्रेमचा खर्च फक्त निवडलेल्यांनाच पडेल. हिशेब करून बघा, पोरांचे पैसे वाचतील.

हे सगळं कुणी ऐकेल अशी मला फार आशा नाही. पण आपल्याकडे जागा आहेत. राज्य कला प्रदर्शनात मुद्राचित्रणाचा वेगळा विभाग आहे, विद्यार्थ्यांसाठी आणि कलाकारांसाठीही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे. भोपाळला भारत भवनने १९८९ मध्ये छापचित्रांचं आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक सुरू केलं, दिल्लीच्या ललित कला अकादमीने २०१८ मध्ये आपलं. एवढ्यांपैकी एकाने एक वर्ष हा प्रयोग करून बघावा. परीक्षकांच्या टेबलावर दुसरी प्रत ठेवा आणि बक्षिसं बदलतात का ते बघा. कदाचित नाही बदलणार. त्या पोराच्या लाल रेघेलाच परत मिळेल. पण त्यासाठी त्याला तो लाल दुसऱ्यांदा आणावा लागेल, आणि तो कसा आला हे शोधण्यात त्याचे चार-सहा महिने जातील. ते महिने त्याला कुणीतरी मागायला हवे होते. बक्षीस देऊन त्याला सांगितलं की गरज नाही. मला त्या पोराचं याचंच वाईट वाटतं, बाकी कशाचं नाही.

सात प्रतींपैकी दोन विकल्या गेल्या, एक तिच्या कॉलेजने ठेवून घेतली, एक तिच्या घरी. प्रदर्शनातून परत आलेली तिसरी गाळ्यात आहे, डॉमिनंटच्या वरच्या भिंतीवर. मशीन आता बंद असतं, भाचा पुढच्या बाजूला डिजिटलचं काम करतो. त्याच्याकडे येणारी माणसं वर बघतात आणि "हे कितीला छापून मिळेल?" असं विचारतात. उलटी छापलेली प्रत मी फेकू दिली नाही, ती कपाटात आहे. तिच्यावर आकडा नाही.

परवा तिचा फोन होता. नवा ठोकळा घेतलाय, या वेळी सहा रंग, वीस कागद. रविवारी चावी मिळेल का विचारत होती. मी म्हटलं, चावी कधीही ने, पण कागद आत्ता कापू नकोस. बाहेर धो धो पडतोय. दसऱ्यापर्यंत थांब.